चिरून घ्यावे की सोसावे? मूत्राशयातील खडा आणि जोखमीचे गणित

#इतिहास #धागा

१/ १० जून १६६९. लंडनच्या नौदल खात्यातील अधिकारी सॅम्युएल पीप्स एका आजारी माणसाला भेटायला गेला, तेव्हा त्याने सोबत एक दगड नेला होता. त्या काळच्या टेनिसच्या चेंडूएवढा हा दगड अकरा वर्षांपूर्वी त्याच्याच मूत्राशयातून काढलेला होता. आजारी माणूस होता रिचर्ड ईव्हलिन, प्रसिद्ध रोजनिशीकार जॉन ईव्हलिनचा धाकटा भाऊ. त्याच्याही मूत्राशयात खडा होता, आणि चिरून घेण्यास तो काही केल्या तयार होत नव्हता. पीप्सला पाहून, त्याचा दगड पाहून भावाला धीर यावा, या हेतूने जॉनने ही भेट घडवून आणली होती.

२/ धीर आला नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, वेदना असह्य होऊन झटके येऊ लागल्यावर, रिचर्डने अखेर होकार दिला. सर्व सिद्धता झाली आणि ऐन वेळी त्याचे अवसान गळाले. काही दिवसांतच तो मरण पावला. जॉनने हे सारे आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे.

पीप्स धाडसी आणि रिचर्ड भित्रा, असा निवाडा करणे सोपे आहे. तथापि रिचर्डसमोर नेमके काय होते? एक जिवंत माणूस आणि त्याच्या हातातला दगड. चिरल्यावर जे मेले, ते आपापले दगड घेऊन कोणाच्या भेटीला येऊ शकत नव्हते.

३/ आज मुतखडा म्हटले की मूत्रपिंडातला खडा डोळ्यांसमोर येतो. इथे विषय आहे मूत्राशयातल्या खड्याचा. जुन्या काळी हा विकार सर्वत्र आढळे आणि लहान मुलग्यांत विशेष. मुख्यतः धान्यावर भागवणारा, दूध आणि प्राणिज प्रथिने यांची वानवा असणारा आहार हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. लघवी अडणे, रक्त जाणे, गाडीत बसणेही अशक्य व्हावे इतकी कळ येणे, ही त्याची लक्षणे.

परंतु या विकाराचा खरा पेच निराळाच होता. खडा माणसाला आज मारीत नाही. तो वर्षानुवर्षे छळतो, आणि शस्त्रक्रिया मात्र चार दिवसांत मारू शकते. दुखणे सोसत जगायचे की बरे होण्यासाठी जीव पणाला लावायचा? वैद्यकाच्या इतिहासात हा प्रश्न इतक्या लखलखीतपणे दुसऱ्या फार थोड्या विकारांनी उभा केला असेल.

४/ हा पेच जुन्या वैद्यांनी पुरेपूर ओळखला होता. हिपोक्रेटीसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत खडा असलेल्या रुग्णाला न चिरण्याचे, ते काम त्यातल्या कसबी लोकांवर सोपवण्याचे वचन आहे. रोमन ग्रंथकार सेल्ससने शस्त्रक्रियेचे तपशीलवार वर्णन केले, पण मर्यादा घातली ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांची, आणि ऋतू सांगितला वसंत.

५/ सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीसाठी आधी औषधी तुपे, काढे आणि क्षार सांगितले आहेत. त्यांनी गुण आला नाही तरच शस्त्र. तिथे मांडलेला विचार फार नेमका आहे: कुशल वैद्याच्या हातूनही यश अनिश्चितच असते. मात्र काही केले नाही तर मृत्यू निश्चित आहे आणि केले तर संशयाला जागा आहे, म्हणून राजाची परवानगी घेऊन मग हात घालावा. रुग्ण दगावला तर वैद्यावर बालंट येऊ नये, ही व्यावहारिक सावधगिरीही त्यात आहेच. शस्त्रक्रियेची पद्धत सेल्ससच्या पद्धतीशी पुष्कळ जुळते. गुदमार्गात बोटे घालून खडा खाली ओढून धरायचा आणि शिवणीच्या डाव्या अंगाला, यवभर अंतर सोडून, छेद घ्यायचा.

एका बाजूला निश्चित मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला संशय, असे असेल तर निवड अवघड नाही. पण तो ‘संशय’ केवढा? दहात एक की दोनांत एक? ते मोजण्याची कल्पना कोणाला सुचायला पुढे कित्येक शतके जावी लागली.

६/ पीप्सकडे परत येऊ. शस्त्रक्रिया झाली २६ मार्च १६५८ रोजी, नात्यातल्या एका बाईच्या घरी. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. शल्यविशारद टॉमस हॉलियर हा या कामात नावाजलेला होता. भूल देण्याची सोय अजून दोनशे वर्षे दूर होती. रुग्णाला बांधून घालीत, दणकट माणसे त्याला धरून ठेवीत आणि सारा भर हाताच्या वेगावर असे. पीप्स वाचला. पुढे दरवर्षी त्या तारखेला मेजवानी देण्याचा त्याने नेम केला आणि दगडासाठी एक खास पेटीही करवून घेतली. त्याला मूलबाळ मात्र झाले नाही, आणि त्याचा संबंध अनेक अभ्यासक त्या छेदाशी लावतात. म्हणजे वाचलेल्यांच्या जमाखर्चातही एक खर्चाची बाजू होतीच. १७०३ मध्ये तो वारला, तेव्हा शवविच्छेदनात डाव्या मूत्रपिंडात सात खडे सापडले.

७/ आता पॅरिसला जाऊ. १६९७ च्या सुमारास तिथे एक विलक्षण माणूस अवतरला. साधूसारखा झगा घालणारा, पण कोणत्याही मठाचा नसलेला आणि शरीररचनेचे शिक्षण न घेतलेला. फ्रेर जाक या नावाने तो ओळखला जाई. गावोगाव हिंडून खडे काढणे हा त्याचा व्यवसाय होता. मधोमध न चिरता तो कडेने चिरत असे. पॅरिसच्या दोन मोठ्या रुग्णालयांत त्याने साठ जणांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी २५ मेले आणि जेमतेम १३ पूर्ण बरे झाले. बाकीचे जिवंत राहिले, पण जखम न भरलेले किंवा लघवीवरचा ताबा गेलेले. जाकला शहर सोडावे लागले.

८/ तो पुन्हा शिकला, हत्यारात सुधारणा केली, आणि १७०१ मध्ये व्हर्सायला त्याने ३८ शस्त्रक्रिया एकही रुग्ण न गमावता केल्याचे सांगितले जाते. त्याची कीर्ती ऐकून मार्शल द लॉर्ज हा फ्रान्सचा ज्येष्ठ सेनानी त्याच्याकडे वळला. हा मार्शल सावध गृहस्थ होता. आधी पुरावा हवा म्हणून त्याने खड्याने पीडित असे २२ गरीब लोक आपल्या वाड्यात आणून ठेवले आणि जाककडून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करवल्या. बावीसही जण वाचले. मग मार्शल स्वतः झोपला. लगेचच तो गेला. साल १७०२, वय ७२.

९/ ही कथा बहुधा दैवाचा खेळ म्हणून सांगितली जाते. त्यात दैवापेक्षा तर्काची चूक अधिक आहे. (गरिबांच्या देहावर आपली जोखीम तपासून पाहण्याची सरंजामी वृत्ती हा आणखी वेगळा विषय.) मार्शलने विचारलेला प्रश्न असा होता: या माणसाच्या हातून लोक वाचतात का? त्याने विचारायला हवा होता तो प्रश्न असा: माझ्यासारखे लोक वाचतात का?

१०/ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याने कागदावर मांडले, तो लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातला विल्यम चेसल्डन. १७२७ च्या सुमारास त्याने जाकच्या कडेच्या छेदाला शास्त्रशुद्ध रूप दिले. त्याचा हात इतका वेगवान होता की पूर्ण शस्त्रक्रिया एका मिनिटाच्या आत आटोपल्याची ख्याती होती. पण त्याचे खरे मोठेपण त्याने सर्वांसमक्ष रुग्णालयात केलेल्या शस्त्रक्रियांचा हिशेब जसाच्या तसा छापण्यात आहे. एकूण २१३ रुग्ण, मृत्यू २०. शेकड्याला नऊ-दहा. जाकच्या साठातले पंचवीस आठवले म्हणजे ही झेप कळते.

११/ चेसल्डन एवढ्यावर थांबला असता तर तोही एक कसबी शल्यविशारद म्हणूनच लक्षात राहिला असता. त्याने हिशेब वयानुसार फोडला:

दहा वर्षांखालील: १०५ पैकी ३ मृत्यू.
दहा ते वीस: ६२ पैकी ४.
वीस ते तीस: १२ पैकी ३.
तीस ते चाळीस: १० पैकी २.
चाळीस ते पन्नास: १० पैकी २.
पन्नास ते साठ: ७ पैकी ४.
साठ ते सत्तर: ५ पैकी १.
सत्तर ते ऐंशी: २ पैकी १.

१२/ ही यादी सावकाश वाचण्याजोगी आहे. २१३ पैकी १६७ रुग्ण वीस वर्षांखालचे, आणि त्यांतले ७ दगावले. वीस वर्षांवरील केवळ ४६, आणि त्यांतले १३ गेले. म्हणजे ‘शेकड्याला नऊ-दहा’ हा आकडा खरा असूनही तो जवळजवळ कोणाचाच नव्हता. दहा वर्षांच्या मुलाच्या बापाला तो उगाच घाबरवणार आणि पन्नाशीच्या व्यापाऱ्याला उगाच आश्वस्त करणार. प्रौढांसाठी खरी जोखीम होती चारांत एकाहून अधिक.

आणि तरीही या तक्त्यावर फार भार टाकता येत नाही. वीस ते तीस वयोगटात, म्हणजे पीप्सच्या गटात, बारांपैकी तीन गेले. चाळीस ते पन्नास या रिचर्ड ईव्हलिनच्या गटात दहांपैकी दोन. यावरून चाळिशीनंतर चिरून घेणे पंचविशीपेक्षा सुरक्षित, असे कोणी म्हणू लागले तर ते हास्यास्पद ठरेल. बारा माणसे म्हणजे पुरावा नव्हे, एक मृत्यू इकडचा तिकडे झाला की सगळे चित्र बदलते. ज्यांना आकड्यांची सर्वाधिक गरज होती त्या प्रौढांबद्दलचेच आकडे सर्वांत तोकडे होते.

१३/ मग पर्याय काय? औषध. याच सुमारास लंडनमध्ये जोआना स्टीव्हन्स या बाईने जाहीर केले की तिच्या औषधाने खडा विरघळतो. मोठमोठ्या घरांतले रुग्ण तिच्याकडे जाऊ लागले. कृती उघड करण्यासाठी तिने मागणी केली पाच हजार पौंडांची. १७३८ मध्ये लोकवर्गणी सुरू झाली, पण जमले जेमतेम चौदाशेच्या आतबाहेर. शेवटी १७३९ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून सरकारी तिजोरीतून ही रक्कम देण्याची तयारी दाखवली.

१४/ कृती प्रसिद्ध झाली. अंड्यांची टरफले आणि गोगलगायी भाजून केलेले चूर्ण. साबण, मध आणि वनस्पती यांचा काढा. भाजलेल्या गोगलगायी, रानगाजराचे बी आणि अशाच काही जिनसा काळ्याठिक्कर जाळून साबणात वळलेल्या गोळ्या. आजचा वाचक हसेल. हसण्यापूर्वी एक ध्यानात घ्यावे: भाजलेले टरफल म्हणजे चुना, आणि चुना व साबण दोन्ही क्षारधर्मी. युरिक आम्लाचे खडे लघवी क्षारधर्मी झाल्यास विरघळू शकतात, आणि त्या तत्त्वावरची औषधे आजही देतात. बाईचे औषध निव्वळ थोतांड नव्हते. ते काही खड्यांसाठी, काही अंशी, अतिशय गलिच्छ मार्गाने बरोबर होते. अडचण अशी की सगळे खडे युरिक आम्लाचे नसतात.

१५/ संसदेने नेमलेल्या विश्वस्तांनी चार रुग्णांवर औषधाची परीक्षा घेतली. आधी सळई घालून खडा असल्याची खात्री केली, औषधोपचारानंतर पुन्हा सळई घातली, तेव्हा खडा लागला नाही. मार्च १७४० मध्ये दाखला मिळाला आणि बाईच्या हाती पाच हजार पौंड पडले. या विश्वस्तांत चेसल्डनही होता. ज्याची रोजीरोटी सुरीवर, त्यानेच सुरीच्या पर्यायाला मान्यता द्यावी, ही गोष्ट त्याच्याविषयी आदर वाढवणारी आहे. परीक्षेत मात्र खोट होती. सळईला खडा न लागणे म्हणजे खडा नसणे नव्हे. तो मूत्राशयाच्या भिंतीतल्या एखाद्या खोलगट कप्प्यात दडून राहू शकतो. रुग्णाला आराम वाटतो, वैद्याला समाधान मिळते आणि खडा जागच्या जागी असतो.

१६/ औषधाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता होता डेव्हिड हार्टली, मनाच्या अभ्यासाच्या इतिहासात आजही ज्याचे नाव घेतात तो तत्त्वचिंतक वैद्य. त्याला स्वतःलाच खडा होता. त्याने १५५ रुग्णांचे दाखले गोळा करून पुस्तक छापले. आयुष्यभरात त्याने शेकडो रत्तल साबण गिळला असेल, असा अंदाज नंतरच्यांनी केला आहे. १७५७ मध्ये तो खड्याच्याच विकाराने गेला. १५५ दाखले जमवणारा हा बुद्धिमान माणूस लबाड नव्हता. सुरीखाली जायचे नाही हे एकदा मनाने ठरवले की पर्यायाच्या बाजूचा प्रत्येक दाखला वजनदार भासू लागतो, इतकेच.

१७/ इंग्लंडचा माजी प्रधानमंत्री रॉबर्ट वॉलपोल याचीही हीच वाट. त्याला औषध दिले जेम्स ज्युरिनने, साबण आणि चुन्याचा जहाल क्षार. १७४५ च्या मार्चमध्ये वॉलपोल वारला आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या जॉन रॅनबी या शल्यविशारदाने पुस्तिका छापून त्या क्षारालाच दोष दिला. वादंग माजले. विशेष असे की हा ज्युरिन म्हणजे देवीच्या टोचणीची जोखीम प्रथम आकड्यांत मांडणारा माणूस. १७२० च्या दशकात त्याने दाखवून दिले होते की टोचून घेतलेल्यांत सुमारे पन्नासांत एक दगावतो आणि नैसर्गिक देवीत त्याच्या कितीतरी पट. ज्याने साऱ्या इंग्लंडला जोखीम तोलायला शिकवले, त्याने स्वतःच्या औषधापुरता तराजू बाजूला ठेवला.

(या साऱ्या साबणपुराणातून एक चांगली गोष्ट निघाली. खडा विरघळवणारा सौम्य क्षार शोधता शोधता स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकला १७५० च्या दशकात ‘स्थिर वायू’ गवसला. आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो.)

१८/ तिसरा मार्ग म्हणजे काहीच न करणे. बेंजामिन फ्रँकलिनने तो पत्करला. १७८२ पासून, पॅरिसजवळ राहत असताना, त्याला खड्याचा त्रास सुरू झाला. वय सत्तरीच्या पुढे गेले होते. त्याने चिरून घेतले नाही, पथ्यपाणी केले, आणि पुढे वेदना वाढल्यावर अफूचा आधार घेतला. १७८५ मध्ये मायदेशी परतताना घोडागाडीचे धक्के सोसवेनात म्हणून फ्रान्सच्या राणीची खेचरांवरची पालखी त्याला बंदरापर्यंत घेऊन गेली. या अवस्थेत १७८७ मध्ये तो अमेरिकेच्या राज्यघटनेच्या परिषदेत बसला, आणि १७९० मध्ये ८४ व्या वर्षी वारला. खडा अंगात ठेवून आठ वर्षे. चेसल्डनच्या तक्त्यातील त्याच्या वयाची ओळ आठवली की ही निवड शहाणपणाची वाटते. दोघांतला एक मेला होता.

१९/ सुरी, औषध आणि सोसणे या तिन्हींहून निराळा मार्ग पॅरिसमध्ये निघाला. जाँ सिव्हियाल विद्यार्थिदशेत खडा विरघळवण्याच्याच नादी होता. पुढे त्याने विचार बदलला. खडा मूत्राशयात असतानाच फोडून त्याची भुकटी लघवीवाटे बाहेर का काढू नये? मूत्रमार्गातून आत सरकवायचे, आत गेल्यावर तीन पाकळ्यांत उघडून खडा पकडायचा आणि मधल्या गिरमिटाने त्याला पोखरायचे, असे हत्यार त्याने बनवले. १३ जानेवारी १८२४ रोजी, विज्ञान अकादमीच्या प्रतिनिधींसमक्ष, त्याने जिवंत रुग्णावर ते चालवले. भूल अजूनही नव्हतीच. पण चिरणे नव्हते, रक्ताची चिळकांडी नव्हती. काही मिनिटांच्या चार-दोन बैठकींत काम होई आणि रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी जाई.

२०/ जुन्या पंथाचे शल्यविशारद खवळले. खुद्द खडा फोडणाऱ्यांतही शोध कोणाचा यावरून भांडणे जुंपली होतीच. सिव्हियालने मग वेगळेच शस्त्र उपसले. युरोपभरच्या रुग्णालयांतून त्याने आकडे मागवले. चिरून खडा काढलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांची नोंद त्याच्याकडे जमली: दर पाचांमागे जवळजवळ एक मृत्यू. खडा फोडलेल्या काहीशे रुग्णांत हे प्रमाण शंभरात दोन-तीन. त्याच्या दृष्टीने वाद मिटला होता.

२१/ ऑक्टोबर १८३५ मध्ये विज्ञान अकादमीपुढे या संशोधनावर अहवाल आला. समितीत होते गणितज्ञ प्वासाँ, पदार्थविज्ञानी द्युलाँ, वैद्य दूब्ल आणि नेपोलियनच्या सैन्याचा ख्यातनाम शल्यविशारद लारे. अहवाल वाचताना जाणवते की ही मंडळी मिरवायला बसलेली नव्हती. त्यांचा एक मुद्दा असा होता की संख्याशास्त्र माणसाचे वैयक्तिकपण काढून टाकते, ते काढूनच ते चालते. वैद्यापुढे मात्र नेहमी एकच, विशिष्ट माणूस असतो, आणि त्याच्यापुरता सोडवायचा प्रश्न हा त्याच्या एकट्याचा असतो. शिवाय आकडे पुरेसे मोठे हवेत आणि परस्परांशी तोलता येण्याजोगे हवेत.

२२/ या ‘तोलता येण्याजोगे’मध्ये सारे आले. सिव्हियाल खडे फोडायचा कोणाचे? ज्यांचा खडा लहान, मूत्राशय निरोगी आणि प्रकृती बरी, अशांचे. मोठा दगड, सुजलेला मूत्राशय, खंगलेला देह असला की तो रुग्ण सुरीकडे जाई. म्हणजे सोपे रुग्ण एका रांगेत, अवघड दुसऱ्या रांगेत, आणि मग दोन्ही रांगांतले मृत्यू मोजून पद्धतींची तुलना. उलट बाजूने पाहिले तर सुरीच्या रांगेत मुलेही बहुसंख्य होती, आणि मुले तर चिरल्यावर उत्तम वाचत. दोन रांगांत वेगळीच माणसे उभी होती. फोडण्याची पद्धत अधिक सुरक्षित होती, यात आज शंका नाही. पण ‘पाचांत एक विरुद्ध शंभरात दोन’ हे त्या सुरक्षिततेचे खरे माप नव्हते. वर्तमानपत्रांतल्या उपचारांच्या तुलना वाचताना आजही ही एक शंका जवळ बाळगली तर पुष्कळ फसगत टळते.

२३/ रुग्णाच्या बाजूने पाहता अहवालातला पहिला मुद्दा किती खरा होता, हे नेपोलियन तिसरा याच्या उदाहरणात दिसते. फ्रान्सच्या या सम्राटाला वर्षानुवर्षे मूत्राशयाचा त्रास होता. १८७० च्या जुलैच्या आरंभी वैद्यांची बैठक बसली. झेर्मँ से याने खड्याचे निदान केले आणि सळई घालून तपासण्याचा सल्ला दिला. तो सल्ला अमलात आला नाही. उपस्थितांतला थोर शल्यविशारद नेलाटन हात घालण्यास नाखूश होता. आदल्याच वर्षी युद्धमंत्री मार्शल निएल खड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावला होता, आणि त्या मृत्यूचे सावट नेलाटनच्या मनावर होते, असे इतिहासकार मानतात. हजारो रुग्णांच्या तक्त्यांपेक्षा हातून गेलेला एक रुग्ण कधीकधी जड ठरतो.

२४/ त्याच महिन्यात प्रशियाशी युद्ध पेटले. सप्टेंबरच्या आरंभी सेदाँला सम्राट शरण गेला तेव्हा घोड्यावर बसणे हीच त्याला शिक्षा होती. पुढे इंग्लंडमधल्या विजनवासात सर हेन्री थॉम्पसनने त्याच्यावर खडा फोडण्याचा उपचार सुरू केला. थॉम्पसन साधा माणूस नव्हे. १८६३ मध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड पहिला याचा खडा त्याने यशस्वीपणे फोडला होता, आणि तोही सिव्हियालला यश न आल्यावर. एव्हाना भूल उपलब्ध होती. २ आणि ६ जानेवारी १८७३ रोजी दोन बैठकी झाल्या. तिसरी ९ तारखेला ठरली होती. त्या सकाळी सम्राट वारला. शवविच्छेदनात खड्याचा मोठा भाग आतच सापडला, आणि मूत्रपिंडे पार खराब झालेली आढळली. फ्रँकलिनला थांबणे लाभले, याला ते नडले. थांबण्याचीही जोखीम असते. ती फक्त शल्यविशारदाच्या खात्यावर पडत नाही, म्हणून तिचा तक्ता कोणी छापत नाही.

२५/ आणखी एक बदल या कथेत व्हायचा होता. आखूड बैठकींच्या पद्धतीत खड्याचे अणकुचीदार तुकडे आत राहत आणि मूत्राशयाला इजा करीत. बॉस्टनच्या हेन्री बिगेलोने १८७८ मध्ये उलट मार्ग सांगितला: भूल देऊन एकाच लांब बैठकीत खडा पूर्ण फोडावा आणि जाड नळी व रबरी फुग्याच्या साह्याने सारा चुरा तिथल्या तिथे शोषून घ्यावा.

तरीही एक नियम कायम राहिला. ही पद्धत प्रौढांसाठीच. मुलग्यांचा मूत्रमार्ग अरुंद, त्यातून हत्यार कसे जाणार? शिवाय मुले चिरल्यावर बहुतेक वाचतात, चेसल्डनच्या काळापासून सारे तक्ते तेच सांगतात, मग बदल हवा कशाला?

२६/ या नियमाला प्रत्यक्ष रुग्णांच्या बळावर आव्हान मिळाले ते होळकरांच्या इंदुरात. तिथल्या रेसिडेन्सीचा शल्यविशारद डी. एफ. कीगन याच्याकडे खड्याने पीडित मुलगे मोठ्या संख्येने येत. युरोपातल्या नामांकित शल्यविशारदाला इतकी मुले पाहायला मिळणे कठीण होते. १८८० च्या दशकात कीगनने बारीक हत्यारे वापरून मुलग्यांचे खडे एका बैठकीत फोडून काढायला सुरुवात केली. मुलांचा मूत्रमार्ग समजुतीपेक्षा अधिक रुंदावतो, हे त्याने दाखवून दिले, आणि १८८७ मध्ये आपले अनुभव पुस्तकरूपाने मांडले. उत्तर भारतात पीटर फ्रेयर याच पद्धतीचा पुरस्कार करत होता आणि त्याचाही ग्रंथ याच दशकातला.

त्या मुलांची नावे इतिहासात नाहीत. मुलांच्या बाबतीत सुरी आणि चूर्ण यांची तुलना करता येण्याजोगे आकडे मात्र प्रथम त्यांच्यामुळे जमले.